पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील लेकी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, असा परिपाठ आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. त्यावर एकदोघी भगिनी म्हणाल्या, की रमाबाई तर सर्वांना ठाऊकच आहेत. नाव ठाऊक आहे, हे खरे. परंतु कोणी त्यांना संस्कृतच्या विदुषी म्हणून ओळखते, तर कोणी ख्रिस्ती झालेल्या बाई म्हणून. दुष्काळी मुलखात स्वतः फिरून शेकडो अनाथ मुली, विधवा आणि लेकुरवाळ्या बायका यांना मरणाच्या दारातून परत आणणाऱ्या रमाबाई मात्र आपल्याला फारशा परिचित नाहीत. त्यांचे हे काम कसे उभे राहिले आणि त्यापासून आपल्यासारख्या लहानशा मंडळाने काय घ्यावे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या दाट अरण्यात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे त्यांच्या वडिलांचा आश्रम होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न शास्त्री. बायकोला संस्कृत शिकविण्याचा त्यांनी हट्ट धरला. त्या काळी ही गोष्ट लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. पुष्कळ विरोध झाला, तरी शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शिकल्या, आणि पुढे त्यांनीच आपल्या लेकीला शिकविले. घरची कामे आटोपण्यापूर्वी पहाटेच आईने मुलीला जवळ घेऊन पाठ द्यावा, असा क्रम होता. रमाबाईंची विद्या म्हणजे आईचे देणे होय. ज्या बाईला एका पुरुषाने धीर करून शिकविले, तिने आपल्या मुलीला शिकविले, आणि त्या मुलीने पुढे हजारोंना शिकविले. एक दिवा लागला की पुढे किती घरे उजळतात, याचा हिशेब कोणी करावा!

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब आश्रम सोडून तीर्थयात्रेस निघाले. पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा संसार कित्येक वर्षे चालला. पुढे १८७० नंतरच्या त्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? जवळचा पैसा संपला, दागिने गेले, भांडीकुंडी विकली गेली. मोलमजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा कोंडीत हे विद्वान कुटुंब सापडले. रानातील पाने आणि तळ्याचे पाणी यांवर त्यांनी दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, आणि काही काळाने थोरली बहीण.

आईच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. आई भुकेने तळमळत होती. मुलगी शेजारच्या बाईकडे भाकरीचा तुकडा मागण्यास गेली. पण उंबरठ्याशी उभी राहिल्यावर तिच्या तोंडून शब्दच फुटेना, नुसते अश्रू वाहू लागले. त्या भल्या बाईने विचारपूस केली आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. मुलगी तो घेऊन धावत आली, परंतु तो खाण्याचे त्राण आईच्या अंगी उरले नव्हते. आई गेल्यावर खांदा देण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे ब्राह्मण पुढे आले. भाऊ श्रीनिवास तिसरा, आणि चौथी रमाबाई. स्मशान दूर, आणि अंगाने ठेंगणी असल्यामुळे तिरडीची आपली बाजू तिला डोक्यावर घ्यावी लागली.

भगिनींनो, हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. रमाबाईंनी पुढे जे केले त्याचे मूळ मला येथे दिसते. उपाशी माणूस मोठ्याने ओरडून मागतो, अशी आपली समजूत असते. खरी गरज असलेली, विशेषतः एके काळी बऱ्या स्थितीत राहिलेली बाई दाराशी येऊनही गप्प उभी राहते. तिच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. त्या शेजारणीने ते ओळखले. आणि मदत वेळेवर पोचली नाही तर हातातली भाकरीही कामाची नसते, हेही त्या मुलीने त्याच दिवशी पाहिले.

आईबाप गेल्यावर भाऊबहीण पायी हिंडत राहिली. अर्ध्या उपाशी पोटी त्यांनी देशभर हजारो मैल तुडविले. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीचे संस्कृत ऐकले आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. विवाह आंतरजातीय, आंतरप्रांतीय, आणि तोही त्या काळात! १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत बिपिनबाबू गेले. चोवीस वर्षांचेही वय नाही, आणि पदरी तान्हे मूल असलेली विधवा, अशी आता रमाबाईंची स्थिती झाली.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आज गावोगाव आपली महिला मंडळे आहेत, त्यांच्या या पूर्वजेची आठवण आपण ठेवली पाहिजे. बायकांनी एकत्र जमावे, वाचावे, आपल्या प्रश्नांचा विचार करावा, एवढीच त्या समाजाची कल्पना. तीसुद्धा त्या वेळी पुष्कळांना धाडसाची वाटली. सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकविण्यास स्त्रीशिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासण्यास स्त्री डॉक्टर हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. परपुरुषास नाडी दाखविण्याच्या संकोचापायी किती आया आणि बाळंतिणी औषधाविना जात असतील, याची जाणीव त्यामागे होती.

स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सिद्धीस गेला नाही. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि लहान मुलांना शिकविण्याची फ्रोबेलची पद्धत समजून घेतली. बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे मदत देण्याचे त्याने पत्करले.

त्या मदतीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवा मुलींना राहण्याची व शिकण्याची सोय येथे होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ होते. सदनात आलेल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आपल्या सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. पुढे सदन पुण्यास आले.

येथे एका नाजूक गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे. ती टाळली तर हे चरित्र अर्धे राहील. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावयाची, असे ठरले होते. स्वयंपाकपाण्याचे सोवळेओवळेही मुलींना पाळता येत असे. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. पुण्यात मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि वीसपंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. मुली विश्वासाने सोपविल्या होत्या, असे पालक म्हणत. मी माझा देव लपवून का भजावा, असे रमाबाईंचे म्हणणे. दोन्ही बाजूंना काही अर्थ होता, असे मला वाटते. पण या वादातून एक चांगलेही निष्पन्न झाले. टीका करून न थांबता स्वतः काम उभारणारी माणसे आपल्याकडे निघाली. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले.

इतक्यात १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंच्या सदनात तेव्हा मोजक्या मुली, गंगाजळी बेताची आणि अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे संपत आलेली. दुसऱ्या कोणी चार रुपये पाठवून समाधान मानले असते. परंतु लहानपणची ती उपासमार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः आगगाडीत बसून दुष्काळी मुलखात गेल्या. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली होती आणि निराश्रितांसाठी अन्नगृहे उघडली होती. रमाबाईंनी ती पाहिली. तेथे माणसाला घासभर अन्न मिळत होते, परंतु अनाथ मुलगी आणि तरुण विधवा तेथे सुरक्षित नव्हती. कामावरचे मुकादम आणि मुली पळविणारे दलाल यांचा ससेमिरा तिच्या मागे असे. दुष्काळात पुरुष मरतो तो भुकेने. बाईला भुकेच्या जोडीला आणखी एक भय असते. हे त्यांनी उघडपणे लिहिले आणि जगासमोर मांडले.

ही गोष्ट वाचताना मला १९७२ चा आपला दुष्काळ आठवतो. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. आमच्या गावाबाहेर खडी फोडण्याचे काम निघाले होते. चांगल्या घरच्या सुना डोक्यावरचा पदर पुढे ओढून हातोडी चालवीत. बाभळीला झोळी बांधलेली आणि तीत तान्हे मूल. कामावर सुकडी वाटली जाई. ती स्वतः न खाता पदरात बांधून घरच्या मुलांसाठी नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून आईला दिलेली मदत मुलापर्यंत पोचते, हे मला कोणी पुस्तकातून सांगावे लागत नाही. मात्र आईच्या पोटात काही जाते की नाही, हे पाहणारेही कोणी लागते.

रमाबाईंनी त्या पहिल्या फेरीत सुमारे तीनशे मुली व बायका आणण्याचे ठरविले आणि तसे करून दाखविले. पण आणून ठेवावयाच्या कोठे? पुण्यात तेव्हा प्लेग पसरला होता. शहरात इतकी माणसे एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई. तेव्हा पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन होती, ती कामी आली. परदेशी मदत थांबल्यावर सदनाला उत्पन्न असावे म्हणून फळबागेसाठी रमाबाईंनी ती दूरदृष्टीने घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये पक्क्या इमारतीचे काम सुरू झाले. तिचे नाव मुक्ती सदन.

या मुली कशा अवस्थेत आल्या असतील, याची कल्पना करवत नाही. हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, अंगभर खरूज आणि फोड. बऱ्याच दिवसांच्या उपाशी देहाला एकदम पोटभर अन्न सोसत नाही. त्यास हलके हलके, थोडे थोडे द्यावे लागते आणि मुलीने रडून आणखी मागितले तरी मन घट्ट करावे लागते. काही मुली हाती लागूनही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना नहाणे, औषधपाणी, कपडे, आणि त्याहून अवघड म्हणजे विश्वास देणे, हे सारे काम सदनातील जुन्या मुलींनी केले. एकेका थोरल्या मुलीकडे काही लहान मुली सोपविल्या जात. काल जी आश्रित होती ती आज सांभाळणारी झाली. रमाबाईंच्या व्यवस्थेतील ही युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू होता. संशयित रुग्णांना जबरदस्तीने इस्पितळात नेले जात असे. त्यात बायकांची जी अप्रतिष्ठा होई आणि त्यांच्याकडे जे दुर्लक्ष होई, त्याविरुद्ध रमाबाईंनी १८९७ साली वृत्तपत्रात स्पष्ट लिहिले. गव्हर्नरसाहेबांकडून इन्कार झाला, तरी त्या डगमगल्या नाहीत. राज्यकर्ते ख्रिस्ती, म्हणून त्यांचे दोष झाकावेत, असे त्यांनी कधी मानले नाही.

१८९९–१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या खेपेस गुजरात, काठेवाड, राजपुताना या बाजूस. छप्पन्नाचा काळ म्हणून तिकडे आजही त्याची आठवण आहे. संवत १९५६ वरून हे नाव पडले. आता रमाबाईंच्या हाताशी त्यांनीच शिकविलेल्या स्त्रिया होत्या. त्या गुजरातेत गेल्या, मुली गोळा करून आल्या. १९०० च्या सुमारास केडगावातील लेकींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचे दोन वेळचे जेवण म्हणजे रोजचे कार्यच की हो! धान्य, जळण, आणि सर्वांत कठीण म्हणजे पाणी. केडगावचा तो मुलूख कोरडा. विहिरी खोदाव्या लागल्या. भाषाही अनेक, मराठी, गुजराती, हिंदी, कानडी. आणि जातीही अनेक. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचे होते. मुक्ती सदनात मात्र आली ती प्रत्येक भुकेली मुलगी आपली, असा न्याय.

रमाबाईंनी या मुलींना नुसते पोसले नाही. सकाळी शाळा आणि उरलेल्या वेळात काम. शेती, गाईम्हशी, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना, अशी नाना कामे बायकाच चालवीत. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या आणि यंत्र चालविणाऱ्याही बायकाच. फसविल्या गेलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. अनाथ मुलगेही सांभाळले. मनोरमाबाई शिकून आईच्या उजव्या हात झाल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम त्यांच्यामुळे सुरू झाले. अंध बाई आणि वृद्ध बाई यांनाही हाताला काम होते, कारण काम असले की माणसाची मान ताठ राहते.

मुक्ती सदन ही ख्रिस्ती संस्था होती. तेथे ख्रिस्ती धर्माचे शिक्षण दिले जाई आणि तेथील पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. दुष्काळाचा फायदा घेतला, असा आक्षेप तेव्हाही आला आणि आजही येतो. आपल्या मंडळात निरनिराळ्या मतांच्या भगिनी आहेत, आणि या बाबतीत प्रत्येकीने आपापले मत ठेवावे. माझ्यापुरते मी असे म्हणेन, की भुकेल्याला घास देताना त्याच्या देवाविषयी न बोलणे अधिक चांगले. परंतु ज्या मुलीला कोणीच उचलले नाही, तिला जिने उचलले, तिच्यावर टीका करण्याचा अधिकार उचलण्यास गेलेल्यांनाच आहे, घरी बसलेल्यांना नाही.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. साध्या खेड्यातील बाईला वाचता यावे, अशी भाषा त्यांनी योजिली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आईच्या हयातीत एकुलती एक लेक गेली. तरी रमाबाईंनी हाती घेतलेले भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काम करीत आहे.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. पूर आला, दुष्काळ पडला, साथ आली, की आपण पैसे आणि जुने कपडे गोळा करून पाठवितो. हे चांगलेच आहे. परंतु रमाबाईंच्या चरित्रातून मला तीन गोष्टी अधिक सुचतात. पहिली, शक्य असेल तेथे आपल्यापैकी दोघीतिघींनी स्वतः जाऊन पाहावे. बाळंतिणीला काय हवे, वयात आलेल्या मुलीला काय हवे, हे यादीत येत नाही, ते बाईलाच बाईकडून कळते. दुसरी, एकदा दिले आणि संपले असे न करता एखाद्या निराधार आईला तिच्या पायावर उभी राहीपर्यंत धरून ठेवावे. आपला शिवणवर्ग आहे, हिशेब शिकविणाऱ्या भगिनी आहेत, त्यांचा उपयोग यासाठी व्हावा. तिसरी, संकट येण्यापूर्वीच थोडी तजवीज असावी. केडगावची जमीन आधी घेतलेली होती, म्हणून त्या तीनशे मुलींना पाय टेकण्यास जागा मिळाली. आपल्या वार्षिक वर्गणीतून लहानशी रक्कम संकट निधी म्हणून वेगळी काढावी, अशी सूचना मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. भगिनींनी तिचा विचार करावा.

आणि हे सारे दूर कोठे तरी करावयाचे असते, असेही नाही. आपल्याच आळीत एखादी बाई दाराशी येऊन उगाच काहीबाही बोलत रेंगाळते आणि काही न मागता परत जाते. तिला हाक मारून आत बोलवावे. रमाबाईंच्या स्मृतीस याहून चांगले वंदन मला तरी सुचत नाही.